दुसऱ्यासाठी ठेवलेला श्वास

मी पिवळ्या बोलतोय. किनाऱ्यावरच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेला, तोंड नसलेला पिवळ्या. तोंड नाही म्हणजे खरोखरच नाही हो. ते समोरच्या फळीवर पडलंय, आणि ते तिथे कसं गेलं हेच मला सांगायचंय. ऐकून घ्या कोणीतरी. आतल्या आत ओरडून ओरडून माझा जीव मेटाकुटीला आलाय, पण टाकीची हवा सोडल्याशिवाय मला साधं फुस्ससुद्धा करता येत नाही.

तुम्ही कधी समुद्राखाली गेला नसाल तर आधी माझं काम समजून घ्या. पाण्याखाली जाणारा माणूस पाठीवर हवेची टाकी बांधतो. टाकीतून नळ्या निघतात. एका नळीच्या टोकाला श्वास घ्यायचं काळं यंत्र, म्हणजे काळ्या असतो, तो मालकाच्या तोंडात. दुसऱ्या नळीच्या टोकाला मी. सोबतच्या माणसाची हवा संपली, तर मालकाने मला त्याच्या तोंडात द्यायचं आणि दोघांनी एकाच टाकीवर श्वास घेत सावकाश वर यायचं. म्हणून मला हा भडक पिवळा रंग. घाबरलेल्या माणसाला चटकन दिसावा. थोडक्यात, मी मालकाचा, पण मालकासाठी नाही. काळ्या रोज पोटभर जेवणार आणि मी ताट मांडून पाहुण्याची वाट बघत बसणार. पाहुणा न आलेलाच बरा, हेही मलाच ठाऊक.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे पांढरी टोपी घातलेल्या एका बाईने मला कानाशी धरून माझं बटण दाबलं. मी खणखणीत फुस्स केलं. ती शेजारणीला म्हणाली, "हा चांगला आहे गं. देव करो आणि याला कधी काम न लागो." मला तेव्हा भारी राग आला होता. जन्मल्याजन्मल्या असला आशीर्वाद कोण देतं? आता वाटतं, त्या बाईच्या तोंडात साखर पडायला हवी होती.

माझं अंगही सांगतो, कारण पुढे त्यावरच सगळं आलंय. मी वाटीएवढा गोल. पुढे बटण, मागे एक आखूड कडक नळकांडं. त्या नळकांड्यावर रबरी तोंड चढवलेलं, दातांत धरायला त्याला दोन उंचवटे. हे रबर नुसतंच चढवलेलं असतं बरं का. ते निसटू नये म्हणून त्याभोवती एक प्लास्टिकची बारीक पट्टी आवळतात, झिप टाय म्हणतात तिला. पँटला पट्टा असतो ना, तशी. एवढीशी पट्टी, पण सगळी अब्रू तिच्यावर.

माझे पहिले मालक म्हणजे काका. या किनाऱ्यावर लोकांना पाण्याखाली नेऊन मासे दाखवण्याचं काम ते वर्षानुवर्षं करत होते. सगळे त्यांना काकाच म्हणत, त्यांच्याहून म्हातारे लोकसुद्धा. त्यांची एक रीत होती. पाण्यात उतरलं की बोटीच्या दोराला धरून ते आधी काळ्याला तोंडातून काढायचे आणि माझ्यातून दोन श्वास घ्यायचे. म्हणायचे, "पाहुण्याला वाढायचं ते आपण आधी चाखावं." आणि खाली जाण्यापूर्वी प्रत्येकाला विचारायचे, "ठीक आहे ना?" समोरच्याने "ठीक आहे" म्हणेपर्यंत दोर सुटायचा नाही. एखादा पाहुणा नुसती मान हलवायचा. काका म्हणायचे, "मान तर बैलही हलवतो. तोंडाने सांगा."

त्यांच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी ती एका जागी उभी राहिली तर ताप आला की काय म्हणून घरचे कपाळाला हात लावायचे. तिला पाण्याखाली पहिल्यांदा नेलं ते काकांनीच, कमरेला धरून, अगदी उथळ पाण्यात. आणि तिच्या तोंडात दिलं कोणाला? मला! त्या पोरीचा पाण्याखालचा पहिला श्वास माझ्यातून गेलाय. समोरून एक निळा मासा आला, त्याने तिच्याकडे बघून तोंड उघडझाप केलं, आणि ती इतकी हसली की मास्कमध्ये पाणी भरलं. काकांनी तिला वर काढलं तर ओरडायला लागली, "बाबा, परत! बाबा, परत!" एवढं माझ्या आयुष्यातलं खरं सुख.

पुढे काकांच्या कानाचा पडदा फाटला. डॉक्टरांनी पाण्याखाली जायला साफ मनाई केली. काका बोट चालवू लागले, आणि टाकी, ती बांधायचं जाकीट, काळ्या आणि मी भिंगरीकडे आलो. पोरगी कामाला वाघीण. पाहुण्यांचा पट्टा न् पट्टा, बक्कल न् बक्कल ओढून बघायची. त्यांच्या पिवळ्यातून स्वतः श्वास घेऊन बघायची. पण स्वतःचं सामान? ते काय, रोजचंच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

एकदा माझं रबरी तोंड चिरलं. तिने ते काढून नवं चढवलं, आणि टायचा डबा उघडला तर रिकामा. मग तिने काय करावं? वेणीचं जांभळं रबर काढलं, दोन वेढे दिले आणि म्हणाली, "झालं. तात्पुरतं." या माणसांना या शब्दाचं फार वेड आहे. तात्पुरती खुर्चीखाली घातलेली वीट मी या शेडमध्ये आल्यापासून बघतोय.

दुसऱ्या दिवशी काकांची नजर पडली. बोटीत पाहुणे बसलेले.

"हे काय गं बांधलंयस?"

"तात्पुरतं आहे बाबा."

"पाण्याखाली तात्पुरतं काही नसतं. पट्टी लाव, मग बोट सोडतो."

पाहुण्यांमधलं कोणीतरी फिस्सकन हसलं. भिंगरीचे कान लाल झाले. "बाबा, लोकांसमोर तरी नको. मी काय काल पोहायला शिकले?"

काकांनी दोन्ही हात वर केले. "बरं बाई. चुकलं माझं. तुझं तू बघ."

आणि त्या दिवसापासून त्यांनी खरोखरच बघायचं सोडलं. संध्याकाळी झिप टायचं नवं पाकीट आणून समोरच्या फळीवर ठेवलं, तेही न बोलता. तिने ते पाहिलं. एकदा हात पुढे नेला आणि मागे घेतला. का? लावली पट्टी तर बाबांचं खरं ठरलं ना! खाण तशी माती. दोघं एकमेकांशी डिझेलबद्दल बोलायची, वाऱ्याबद्दल बोलायची, चहात साखर कमी आहे म्हणायची. माझ्याबद्दल अवाक्षर नाही. ती सामान अंगावर चढवायला लागली की काका इंजिनकडे तोंड करून बसायचे आणि धड चालणारं इंजिन पुसत राहायचे. मी तिच्या छातीवर लोंबकळत म्हणत राहायचो, अहो काका, इकडे बघा! रबर सैल होतंय, ऊन खातंय, मीठ खातंय! पण आमचं कोण ऐकतंय.

मग त्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. एकट्याच. पन्नाशी उलटलेल्या, बोलायला मोकळ्या. नवरा पाण्याला भितो म्हणून किनाऱ्यावर पुस्तक घेऊन बसला होता. बोटीत चढल्यावर त्यांनी काकांचं हसणं बघितलं आणि म्हणाल्या, "तुमची डावी दाढ काढायला झालीय." काका म्हणाले, "बाई, ती माझ्यापेक्षा जुनी आहे, राहू दे तिला." भिंगरी खळखळून हसली. फार दिवसांनी बाप-लेक एकाच गोष्टीवर हसले होते. मला वाटलं, चला, आता मिटेल. आता ती उठून पट्टी मागेल.

बोट प्रवाळाच्या कडेला थांबली. वारा होता. भिंगरी मास्क चढवायला गेली आणि तिच्या केसांचं रबर तटकन तुटलं. केस तोंडावर आले. मास्कच्या कडेखाली केस अडकले तर पाणी आत येतं, म्हणून ते बांधायलाच हवे होते. तिने इकडेतिकडे पाहिलं. आणि तिची बोटं, डोक्याला न विचारता, माझ्याकडे आली.

अगं नको! अगं, काय करतेयस?

तिने माझ्या मानेवरचं जांभळं रबर काढलं, केस वर बांधले. "एवढ्या डुबकीपुरतं," असं स्वतःशीच पुटपुटली. काका इंजिन पुसत होते. त्यांची पाठ माझ्यापासून दोन हातांवर होती.

मग तिने बाईंना नेहमीचे धडे दिले. "हवा संपली तर असा हात गळ्यावरून फिरवायचा. मी हा पिवळा देईन. किंवा सरळ ओढून घ्या, लाजायचं नाही." बाईंनी मला हातात घेतलं. त्यांची ती जन्मभर लोकांचे दात चाचपलेली बोटं! त्यांनी माझं तोंड हलवून पाहिलं आणि ते हललं. हलणारा दात बोटाला कळतो तसं त्यांना कळलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "अहो, हे..." एवढं म्हणाल्या. मी म्हटलं, विचारा बाई, विचारा, तुमच्या पाया पडतो! पण बाईंनी भिंगरीच्या सफाईदार हातांकडे पाहिलं, आपण नवशिक्या आहोत असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या हसून म्हणाल्या, "काही नाही." असेल असंच, आपल्याला यातलं काय कळतंय, म्हणून गप्प बसल्या.

"ठीक आहे ना?" काकांनी इंजिनकडे बघतच विचारलं.

"ठीक आहे," दोघी म्हणाल्या.

खाली उतरलो. काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी समुद्र नुसता उतू जात होता. शिंगांसारखी, पंख्यासारखी, कोबीच्या गड्ड्यांसारखी प्रवाळं, आणि त्यांच्यातून केशरी, पिवळे, निळे मासे धावतायत. पोपटासारख्या चोचीचे मासे प्रवाळ कुरतडत होते, त्याचा कुटुकुटु आवाज सगळीकडून येत होता. एक कासव आमच्याकडे ढुंकूनही न बघता गेलं. वाळूतून एक चपटी पाकट उठली, अंग झटकलं आणि संथ निघून गेली. इतका जीव, इतकं चैतन्य चहूबाजूंनी, आणि मी मात्र भीतीने अर्धमेला. प्रत्येक हालचालीला माझं तोंड थोडं थोडं पुढे सरकत होतं.

आणि मग बाईंना एक वाम दिसली, सापासारखी लांब मासळी. खडकाच्या भोकातून मांडीएवढी जाड वाम डोकं काढून, तोंड आ करून बसली होती, आणि काचेसारखी पारदर्शक चिमुकली कोळंबी तिच्या तोंडात शिरून दात साफ करत होती. दातांच्या डॉक्टरला आणखी काय हवं? बाई गुडघे टेकून बसल्याच. वाम जराही तोंड मिटेना, कोळंबी एकेका दाताशी थांबून काम करतेय. बाई आनंदाने भराभरा श्वास घेत होत्या. भिंगरीने खुणेने विचारलं, हवा किती? बाईंनी काट्याकडे न बघताच बोटांचं कडं करून दाखवलं. ठीक. तेवढ्यात चंदेरी माशांचा भलामोठा थवा दोघींच्या मधून गेला. बराच वेळ जात राहिला. तो सरला तेव्हा बाई गळ्यावरून हात फिरवत होत्या आणि त्यांचे डोळे मास्कमध्ये मावत नव्हते.

भिंगरी क्षणात पोहोचली. तिने मला ओढून बाईंच्या तोंडात दिलं. बाईंनी दात आवळले, श्वास घेतला. मी दिला हो! पूर्ण, कोरडा, पोटभर श्वास दिला. मला वाटलं, निभावलं. मग बाईंनी घाबरून मान मागे झटकली. माझं तोंड त्यांच्या दातांत राहिलं आणि मी निसटून बाहेर. बाईंनी पुढचा श्वास घेतला तो नुसत्या पाण्याचा.

बाई वर झेपावल्या. श्वास कोंडून एकदम वर गेलं की छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटतं. भिंगरीने त्यांना जाकिटाला धरून खाली खेचलं, स्वतःच्या तोंडातून काळ्या काढला आणि त्यांच्या तोंडात कोंबला. बाईंनी त्याला दोन्ही हातांनी धरलं. बुडणारा माणूस हातातलं सोडत नसतो. भिंगरीने एकदा मागून पाहिला, बाईंनी दिला नाही. तिने पुन्हा मागितला नाही.

मग तिने मला घेतलं. माझं उघडं, कडक नळकांडं ओठांत धरलं आणि बटण दाबलं. इतक्या वर्षांनी पुन्हा ती माझ्यातून श्वास घेत होती. आणि मी काय देत होतो तिला? अर्धी हवा, अर्धं खारं पाणी. ओठ आवळून आवळून ती गिळत होती, खोकत होती, पुन्हा बटण दाबत होती. श्वास सोडत, पाय मारून झटकन वर गेली असती तर तिच्यावर ही वेळ आली नसती. पण बाईंना सावकाशच न्यायचं होतं, म्हणून ती सावकाशच गेली. घे गं, घे, आणखी घे, मी म्हणत होतो, आणि तोंड नसलेल्या माझ्यातून बुडबुडेच बुडबुडे सुटत होते.

ते बुडबुडे काकांनी वरून पाहिले. जन्मभर त्यांनी बुडबुडे वाचले होते. पाणी फाटल्यासारखं उसळताना दिसलं आणि ते कानाबिनाचा विचार न करता उडी मारून आले. भिंगरीने बाईंना पाठीवर उताणं केलं, त्यांचं डोकं पाण्याबाहेर धरलं. काकांचा हात तिथे पोहोचला तेव्हा तिने सोडलं. बाई खोकत होत्या, रडत होत्या, जिवंत होत्या. भिंगरी काहीच करत नव्हती.

बोटीत काकांनी तिच्या तोंडाला तोंड लावून श्वास दिला. मी शेजारी ओल्या फळ्यांवर पडून होतो. ज्याचं ते काम, तो मी. "घे बाळा, घे, बाबा आलाय ना," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. शेवटी छाती हलली, पण डोळे उघडले नाहीत.

ती आता शहरातल्या दवाखान्यात आहे. तिच्या घशात नळी घातलीय आणि एक यंत्र तिच्यासाठी श्वास घेतं. त्या यंत्राचं तोंड पक्कं बांधलेलं असतं म्हणे.

दवाखान्याने काकांना एक पिशवी दिली. त्यात तिचं घड्याळ होतं आणि जांभळं रबर. काका ती घेऊन इथे येऊन बसले. रबर बोटांवर ताणून बघत राहिले. मग मान वर करून त्यांनी माझं उघडं नळकांडं पाहिलं, हेच रबर त्यावर असायचं हे आठवलं आणि त्यांना सगळं कळलं. माणूस असा आवाज काढतो हे मला माहीत नव्हतं.

काल डॉक्टरीणबाई आल्या. मुठीत माझं तोंड होतं. काळ्या तोंडात आला तेव्हा हे दातांतून काढून मुठीत धरलं, ते राहूनच गेलं, म्हणाल्या. त्यांनी ते फळीवर ठेवलं, टायच्या पाकिटाशेजारी.

"काका, मला हे हललेलं कळलं होतं. विचारणार होते. वाटलं, हसाल तुम्ही."

"हसलो नसतो हो," काका म्हणाले. "आणि मी रुसलो होतो. म्हणून बघितलं नाही."

दोघंही माझ्याकडे बघत बसली.

तर बाबांनो, पाया पडतो तुमच्या. भांडा, रुसा, अबोला धरा, चहात साखर घालू नका. पण आपल्या माणसाची पट्टी बघायचं सोडू नका. त्याला राग आला तर येऊ दे. आणि काही हललेलं जाणवलं तर विचारा हो, हसणारे हसतील आणि घरी जातील.

थांबा. काका आले वाटतं. दुपारीच? हो, उद्या तिच्या घशातली नळी काढणार आहेत, कालच बाईंना सांगत होते. ती आपला आपण श्वास घेते का, ते उद्या कळणार. सकाळी पोहोचायचं म्हणून काका आजच निघणार असतील.

पण ते शेडचं कुलूप शोधत नाहीयेत. फळीवरचं पाकीट फोडतायत. मला खिळ्यावरून काढलं. माझं तोंड पुसलं, चढवलं, पट्टी आवळली, कर्रर्र. उरलेलं टोक कात्रीने कापलं. आता मला टाकीला जोडून हवेची चावी सोडली, आणि काकांनी मला तोंडात धरलं. एक श्वास. दोन श्वास. कोरडे, पूर्ण. मी नवा असताना द्यायचो तसे.

आता त्यांनी मला पुढे धरलंय, भिंगरी सामान चढवायला जिथे उभी राहायची, त्या जागेकडे.

"ठीक आहे ना गं?"

समोर कोणी नाही. बोल गं पोरी. मान हलवू नकोस, तोंडाने सांग. उत्तर आल्याशिवाय काकांनी कधी दोर सोडलेला नाही. हात पुढे करून ते तसेच उभे आहेत.